एकवीस दिवसांत पोहणे

उन्हाळ्याची सुट्टी लागली की शहरात राहणाऱ्या आमच्या मुलाबाळांच्या घरी एक नवा खर्च उभा राहतो. नातवंडांना पोहण्याच्या क्लासला घालायचे. पूर्वी सुट्टी म्हणजे मामाचे गाव. आता सुट्टी म्हणजे बॅच. "अण्णा, सकाळी सात ते पावणेआठची बॅच मिळाली बरं का," हे आमच्या सूनबाईने दोन वर्षांपूर्वी फोनवर ज्या आनंदाने सांगितले, त्या आनंदाने आमच्या काळी लोक मॅट्रिक पास झाल्याचे सांगत. आणि बरोबर तीन आठवड्यांनी तिचाच फोन आला, तो मात्र तक्रारीचा.

तक्रार अशी. एका मास्तराच्या हाताखाली तीस मुले. त्यात पाच वर्षांचे पोर आणि तेरा वर्षांचा घोडा एकाच रांगेत. पहिले चार दिवस काठाची नळी धरून पाय आपटायचे. पुढचे चार दिवस पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडायचे. मग थर्मोकोलसारखी फळी हातात घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे, आणि तेही आपला नंबर येईल तेव्हा. बाकीचा वेळ कमरेएवढ्या पाण्यात कुडकुडत उभे राहायचे. मास्तर स्वतः पाण्यात उतरतच नाहीत. ते काठावर कोरडे, गळ्यात शिट्टी. मध्येच एक मास्तर बदलून दुसरे आले, त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पालकांना आत सोडत नाहीत, काचेच्या मागून बघायचे. तक्रार केली तर उत्तर ठरलेले, "पर्सनल कोचिंग लावा, मग पटकन येईल." त्याची फी तिप्पट. शेवटच्या दिवशी मात्र सगळ्यांना रंगीत प्रमाणपत्र आणि एक सामुदायिक फोटो.

तलावाचे नाव मी लिहीत नाही, कारण एकाच तलावाची ही गोष्ट नाही. पुण्यात, लातुरात, संभाजीनगरात, जिथे जिथे माझे जुने विद्यार्थी आता आईबाप होऊन बसले आहेत, तिथून थोड्याफार फरकाने हेच ऐकू येते. मुंबईत महापालिकेच्या तलावांवरही उन्हाळ्यात २१ दिवसांचा वर्ग असतो. हा २१ चा आकडा कुठून आला कोण जाणे. गणपतीला दुर्वा २१ वाहतात तेवढे मला माहीत आहे.

काही लोक म्हणतात, काय ही शहरातल्या आईबापांची कुरकुर! पैसे फेकले की पोरगे मासा होऊन बाहेर यायला हवे, अशी यांची अपेक्षा. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ साली सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेला आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्याने ब्राँझ मिळवले, पोहण्यातले आपल्या देशाचे त्या स्पर्धेतले २४ वर्षांनंतरचे पहिले पदक. ते काही तीन आठवड्यांच्या बॅचमधून आले नाही. हे खरेच आहे. अपेक्षांना धरबंध नसलेले पालक मी नोकरीत पुष्कळ पाहिले. पण या बाबतीत मी पालकांच्या बाजूचा आहे, आणि का ते सांगतो.

मी मास्तर. भाषेचा असलो तरी खेड्यातल्या शाळेत गणितही शिकवावे लागे. तेव्हा हिशेब मांडतो. पंचेचाळीस मिनिटे, तीस मुले, एक शिक्षक. प्रत्येक मुलाच्या वाट्याला शिक्षकाचा दीड मिनिट. एकवीस दिवसांचे झाले साडेएकतीस मिनिटे. त्यातून हजेरी, रांग लावणे, शॉवर, चष्मा सापडत नाही म्हणून रडणे वजा करा. म्हणजे तीन आठवड्यांची फी देऊन लेकराला शिक्षक मिळाला तो धड वीस मिनिटेही नाही! वीस मिनिटांत मी एखाद्याला जोडाक्षरसुद्धा पक्के करून दिलेले नाही.

आणखी एक गंमत पाहा. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) पहिली ते पाचवीच्या वर्गासाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले. म्हणजे पोहण्याच्या क्लासवाले अगदी कायद्यात बसतात म्हणायचे! पण वर्गात ज्या मुलाला कळले नाही ते खिडकीबाहेर बघत बसते. त्याचे नुकसान होते, पण श्वास चालू राहतो. पाण्यात ज्याला कळले नाही त्याचे काय? आणि शिकवणाऱ्याची पाठ वळलेली असताना काय? बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे हात उंचावून "वाचवा" म्हणत नाही. तोंड पाण्याच्या वर येते तेवढ्या क्षणात त्याला जेमतेम श्वास घेता येतो, ओरडायला हवा उरत नाही. हात वर जात नाहीत, ते पाणी खाली दाबायला बघतात. बाजूला उभे असणाऱ्याला वाटते खेळते आहे. मिनिटाच्या आत सगळे संपू शकते. म्हणून तीस मुलांत एक माणूस ही केवळ 'क्वालिटी'ची तक्रार नाही. सूनबाई क्वालिटी क्वालिटी म्हणत होती तेव्हा मी तिला हेच म्हणालो, की तू फार मवाळ शब्द वापरते आहेस.

आम्ही कसे शिकलो हे सांगण्याचा मोह आवरत नाही. म्हाताऱ्यांचा तो हक्कच आहे. साठ सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या घाटनांदूरच्या शिवारात तेव्हा विहिरींना बारा महिने नाही तरी चैत्र-वैशाखापर्यंत पाणी असे. मोटेच्या विहिरी. एका अंगाला धाव, वर थारोळे, आणि आत उतरायला दगडी पायऱ्या. पोर सहा-सात वर्षांचे झाले की चुलते, मामा, थोरला भाऊ असे तिघे-चौघे मिळून त्याला विहिरीवर न्यायचे. वाळलेला भोपळा पाठीला बांधायचा. ज्याच्याकडे भोपळा नसेल त्याला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा. कमरेला सोल, म्हणजे दोर, आणि त्याचे दुसरे टोक पायरीवर बसलेल्या चुलत्याच्या हातात. एक जण पाण्यात पुढे, एक मागे. लक्षात घ्या, शिकणारा एक आणि शिकवणारे तीन! शहरातल्या बॅचच्या उलटे गणित.

आणि पहिला धडा कोणता? हातपाय मारणे नव्हे. पहिला धडा पायरीचा. चुलता पायरीवरून हातभर अंतरावर सोडायचा आणि म्हणायचा, "ये पायरीला." मग दोन हात, मग चार हात. कुठेही पडलास तरी आधी पायरी कुठे ते बघ, तिकडे तोंड कर. दमलास तर उताणा हो आणि आभाळाकडे बघत पडून राहा. एवढे आले की एक दिवस भोपळा सोडायचा. तो दिवस मुंजीसारखा. घरी गूळ-शेंगदाणे वाटत. त्यानंतर सूर मारणे, मुटका मारणे, तळाची माती वर आणून दाखवणे हे सगळे पोरे आपापसात शिकायची. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक ही नावे आम्हाला कॉलेजात गेल्यावर वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर कळली. आमचे कुत्र्यासारखे पोहणे बघून शहरातला मास्तर हसेल. हसू दे.

पण जुने ते सगळे सोने असे मी म्हणणार नाही. विहिरीने किती घेतले तेही मी पाहिले आहे. ज्यांना चुलते-मामा नव्हते, किंवा ज्यांचे चुलते-मामा मजुरीला गेलेले असत, ती पोरे एकमेकांच्या भरवशावर उतरायची. काही ठिकाणी शिकवण्याची रीत म्हणजे सरळ ढकलून देणे. त्यातले काही शिकले, काही जन्माचे भेदरले. गावाच्या सगळ्या विहिरी सगळ्यांना उघड्या नव्हत्या, हेही विसरू नये. कोणाची सावली कोणत्या पाण्यावर चालते याचे नियम होते, आणि त्या नियमांमुळे काही मुलांना डोहातच शिकावे लागे, जिथे पायरी नसते. आणि मुली? मुलींना कोणीच शिकवत नव्हते. माझ्या बहिणी विहिरीवरून पाणी शेंदायच्या, धुणे धुवायच्या, जन्म पाण्याच्या काठावर गेला त्यांचा, पण पोहणे एकीलाही आले नाही. आमच्या सौ.लाही येत नाही.

माझ्या नोकरीच्या काळात हजेरीपटावरची दोन नावे पाण्याने खोडली. एक चौथीतला मुलगा, रविवारी म्हशी घेऊन गेला होता. दुसरी सातवीतली मुलगी. खदानीत साठलेल्या पाण्यावर आईबरोबर धुणे घेऊन गेली होती. धाकट्या बहिणीचा पाय घसरला, ती धरायला वाकली, मग आई उतरली. आई आणि धाकटी वाचल्या, कारण रस्त्याने जाणाऱ्या एकाने धोतर सोडून त्यांच्याकडे फेकले. थोरलीपर्यंत ते धोतर पोचले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात तिच्या जागेवर कोणी बसेना. शाळा सुटेपर्यंत ती जागा तशीच. नावे लिहीत नाही. घरचे अजून गावात आहेत.

म्हणून पोहण्याकडे मी हौस म्हणून बघू शकत नाही. आपल्या देशात अपघाताने बुडून मरणाऱ्यांची राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने केलेली नोंद २०२२ या एका वर्षात ३८ हजारांच्या वर आहे. जगभरात २०२१ साली सुमारे ३ लाख माणसे बुडाली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत मुलांची संख्या मोठी. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडण्याच्या प्रतिबंधाचा दिवस म्हणून ठरवला. आपल्याकडे तो दिवस कोणी पाळल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. आपल्याकडे योगदिन होतो, वृक्षदिंडी होते, हात धुण्याचाही दिवस होतो. (तो मीही साजरा केलेला आहे, साबणाच्या वड्या मोजून सह्या घेतलेल्या आहेत.)

आता तुम्ही म्हणाल, गावाकडे विहिरी आहेत तर पोरे अजूनही शिकत असतील. नाही शिकत! हीच तर खरी पंचाईत आहे. मोट गेली, इंजिन आले, मग मोटर आली. ७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खोल गेल्या आणि पुढे घरोघरी बोअर आले. सहा इंची बोअरमध्ये कोण पोहणार? पाणी इतके खाली गेले की आमच्या भागात मार्च उजाडला की विहिरीत खेकडेसुद्धा राहत नाहीत. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते उभ्या देशाने पाहिले. म्हणजे मुलांना सुट्टी असते तेव्हा पाणी नसते, आणि पाणी असते तेव्हा शाळा असते. शिकवणारे चुलते पुण्याला कंपनीत, नाहीतर ऊसतोडीला कारखान्यावर. एक अख्खी पिढी विहिरीपासून दूर वाढली. आज गावातल्या पंचविशीच्या पोरांना विचारा, निम्म्यांना पोहता येत नाही. माझा एक विद्यार्थी परवा म्हणाला, "गुरुजी, माझ्या बापाला पव्हता येतंय, मला बी थोडं येतंय, पण लेकराला कुठं शिकवू? हिरीत पाणी हाय का?"

आणि नेमक्या याच काळात शिवारात एक नवे पाणी आले आहे. शेततळे. २०१६ साली राज्य सरकारने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली. त्यातले मोठे तळे तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल. तीन मीटर म्हणजे दोन पुरुष पाणी. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचा फार आधार आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण पाणी मुरू नये म्हणून आत प्लास्टिकचा जाड कागद अंथरतात. त्याला उतार असतो, वर्षभरात त्यावर शेवाळ धरते. त्याला पायरी नाही, कपार नाही, धरायला गवताची काडी नाही. आत गेलेला माणूस हात टेकतो आणि घसरतो, पुन्हा टेकतो, पुन्हा घसरतो. ज्याला पोहता येते तोही दमून जातो. काढायला गेलेला दुसराही त्याच कागदावरून खाली. वर्तमानपत्रात दर उन्हाळ्यात 'शेततळ्यात बुडून दोन सख्ख्या भावांचा मृत्यू' अशी बातमी येते, ती अशी घडते. बहुधा दोन किंवा तीनच असतात. एकटा क्वचित.

आता शहरातल्या बॅचकडे परत येतो, कारण या दोन्हींचा संबंध आहे. माझा नातू दिवाळीला गावी आला तेव्हा ते रंगीत प्रमाणपत्र लॅमिनेशन करून बरोबर आणले होते. त्या साली पाऊस बरा झाला होता. आमच्या शेजाऱ्याच्या विहिरीला वरच्या पायरीपर्यंत पाणी. कमरेला दोर बांधला, ट्यूब घातली, त्याचा बाप आधी उतरला, मी काठावर. नातू पाण्यात उतरला आणि त्याने जी पायरी धरली ती सोडेचना. "आबा, इथे तळ दिसत नाही," म्हणाला. त्याचे खरे होते. त्याला निळ्या फरशीची सवय. स्वच्छ, उभे राहता येईल एवढे पाणी, डोळ्यांवर चष्मा, हातात फळी. त्यातले काहीही खऱ्या पाण्यात नसते. फ्रीस्टाइलचा हात कसा वळवायचा ते त्याने मला कोरड्यात सुरेख करून दाखवले. पण उताणे तरंगायला त्याला कोणी शिकवले नव्हते. वर्गाच्या यादीत तो धडा होता म्हणे, पण तेवढ्यात एकवीस दिवस संपले!

मला पालकांना सांगायचे आहे ते इथे. तुमचा राग योग्य आहे, पण तो भलत्या जागी खर्च होतो. 'अजून फ्रीस्टाइल येत नाही', 'शेजारच्या बॅचची पोरे पुढे गेली', 'शॉवरला गरम पाणी नाही', 'स्पर्धेला कधी उतरवणार' या तक्रारींनी काही साधत नाही. क्लासवाला हुशार असतो. तुम्हाला हात फिरवणारे मूल हवे आहे हे त्याला कळले की तो फोटोपुरते हात फिरवणारे मूल तयार करून देतो. तुम्ही त्याला असे विचारा की माझे मूल अंगावरच्या कपड्यांसकट खोल पाण्यात पडले तर वर येऊन, उलटे होऊन, एक मिनिट तरंगेल का? काठ कुठे आहे ते बघून तिथपर्यंत येईल का? शिडी नसताना स्वतःला बाहेर ओढून घेईल का? आणि दुसरे कोणी बुडत असेल तर उडी न मारता काय फेकायचे ते त्याला माहीत आहे का? हे येत असेल तर हात कसा वळतो त्याने काही बिघडत नाही.

हे माझ्या डोक्यातून निघालेले नाही. हॉलंड हा काही भाग समुद्राच्या पातळीखाली वसलेला देश. तिथे मुलांच्या पोहण्याच्या पहिल्याच परीक्षेत कपडे आणि बूट घालून पाण्यात पडावे लागते, आणि पाण्याखाली लावलेल्या कापडाच्या भोकातून पार व्हावे लागते. इंग्लंडच्या प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात २५ मीटर पोहणे आणि पाण्यात स्वतःचा जीव वाचवणे हे लिहिलेले आहे. जपानमध्ये ११ मे १९५५ रोजी धुक्यात एक फेरीबोट बुडाली. मेलेल्या १६८ जणांत शंभराच्या आसपास शाळेच्या सहलीला निघालेली मुले होती. त्या धक्क्यानंतर तिथे शाळाशाळांतून पोहण्याचे तलाव बांधण्याला जोर आला. ती श्रीमंत माणसे, म्हणाल. मग बांगलादेश घ्या. तिथे खेड्यातल्या साध्या तळ्यात बांबूचे मचाण बांधतात, म्हणजे मुलांच्या पायाखाली ठरावीक खोलीवर तळ येतो आणि भोवती बांबूचे कुंपण. गावातलीच तरुण मुले-मुली प्रशिक्षण घेऊन शिकवतात. शिकायचे काय, तर २५ मीटर पोहणे, अर्धा मिनिट तरंगणे, आणि बुडणाऱ्याला काठावरून काठी-दोर देऊन काढणे. बस. त्या कार्यक्रमात शिकलेल्या मुलांमध्ये बुडून मरण्याचे प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा नव्वद टक्क्यांहून कमी झालेले आढळले. बांबूला आणि तळ्याला किती पैसे लागतात?

शिकवणाऱ्या मास्तरांवरही सगळे खापर फोडू नये. मी त्या धंद्यातला नसलो तरी जातभाई आहे. तीन महिन्यांचा हंगाम, ठेकेदाराकडून मिळणारा तुटपुंजा पगार, सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ अशा एकामागून एक बॅचेस. प्रत्येक बॅचला तो पाण्यात उतरला तर आठवड्यात त्याची कातडी सोलून निघेल. नातवाला शिकवणारा मुलगा स्वतः कॉलेजात शिकत होता, राज्य पातळीवर पोहलेला होता म्हणे. चांगला पोहणारा चांगला शिकवतोच असे नाही. आम्हाला शिकवण्यासाठी वेगळे डी.एड., बी.एड. करावे लागले, नुसते मराठीत बी.ए. असून भागले नाही. वर्गात किती मुले घ्यायची हे तो मुलगा ठरवत नाही. ते काउंटरवर पावती फाडणारा ठरवतो. म्हणून तक्रार करायची तर काउंटरवर करा, आणि लेखी करा. एका मास्तरामागे आठ-दहापेक्षा जास्त मुले नकोत, त्यातही लहानग्यांचा गट वेगळा हवा, एक मास्तर पाण्यातच हवा आणि शिकवण्याचे काम नसलेला एक माणूस फक्त बघायला काठावर हवा. फी वाढेल. वाढू द्या. दोन वर्षांतून एकदा घाला, पण असे घाला. आणि हो, काचेमागे बसून मोबाईल बघू नका. तुमचे दोन डोळे हा फुकटचा जीवरक्षक आहे.

तलावाचा उग्र वास आला की पालक म्हणतात, वा, भरपूर क्लोरीन घातलेय, स्वच्छ आहे. तेही तितके खरे नाही. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळली की तो डोळे झोंबणारा वास तयार होतो. म्हणजे वास जितका उग्र तितके आत काहीतरी मिसळलेले. मुंबईत दादरच्या महापालिकेच्या तलावात २०२३ च्या ऑक्टोबरात मगरीचे पिल्लू सापडले होते! त्या मानाने आमच्या विहिरीतले कासव सभ्य.

राहिला आमच्या गावाचा प्रश्न. इथे कोणी जलतरण तलाव बांधून देईल अशी आशा मी धरत नाही. प्यायच्या पाण्याची वानवा आहे, तिथे निळ्या फरशीचे पाणी कोण भरणार, आणि भरू पण नये. पण जे आहे त्यात काय करता येईल हे मी गावातल्या दोन-चार जुन्या विद्यार्थ्यांशी गेल्या पावसाळ्यात बोललो. शेततळ्याच्या चारी बाजूंना खुंटे ठोकून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर, आणि काठाला दोराने बांधलेली गाडीच्या टायरची जुनी ट्यूब. एवढ्याने आत पडलेल्याला धरायला काहीतरी मिळते. खर्च पाचशे-हजार रुपये. तिघांनी केले. बाकीचे म्हणाले, कुंपणाचे अनुदान येऊ द्या मग बघू.

दुसरे बोलणे पोहणे शिकवण्याचे. गणपती ते दिवाळी या दिवसांत विहिरींना पाणी असते. रविवारी सकाळी दोन तास, पायऱ्यांची एक चांगली विहीर, एका वेळी चारच मुले, पाण्यात दोन पोहणारे, दोरावर दोन. मुलींसाठी वेगळी वेळ, आणि शिकवायला बाई. इथेच गाडे अडले आहे, कारण पोहता येणारी बाई गावात सापडत नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी आहे, तिला अंबाजोगाईला होस्टेलवर असताना मैत्रिणीच्या शेतात थोडेफार आले म्हणते. तिला आधी नीट शिकवावे लागेल. तिची आई तयार आहे, वडिलांना मी येत्या सोमवारी भेटणार आहे. विहिरीचा मालक म्हणतो, गुरुजी, काही झाले तर जबाबदारी कोणाची? विचारणे बरोबर आहे. मी त्याला म्हणालो, लिहून देतो. तो म्हणाला, तुमचे वय बघता तुमच्या लिहिण्याचा काय उपयोग! असो. सरपंचांची सही मिळते का ते पाहतो आहे. दोर मात्र आणून ठेवला आहे, चाळीस हात, नायलॉनचा.